विज्ञानाचे पदव्युत्तर विद्यार्थी व शाळा : सहयोग

विज्ञान शाखेत एम.एस्‌सी. किंवा पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांनी ठरलेल्या शाळेत, वर्गशिक्षकाच्या जोडीने, वर्षभर नियमाने प्रयोग व अध्यापन करण्याची पद्धत. एका दिवसाचे विज्ञान प्रदर्शन किंवा पाहुण्यांचे व्याख्यान यात मोडत नाही.

भारतात या प्रकारच्या कामाची भरपूर नोंद होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाची मिळते. किशोर भारती ही संस्था आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी तो १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत सुरू केला. दिल्ली विद्यापीठ व टाटा मूलभूत संशोधन संस्था येथील शास्त्रज्ञ, प्राध्यापक आणि संशोधक विद्यार्थी त्यात सामील झाले. १९७८ मध्ये तो जिल्हाभर पसरला. १९८२ पासून ‘एकलव्य’ संस्थेने त्याची धुरा घेतली. उन्हाळी प्रशिक्षण, शिक्षकांच्या मासिक बैठका आणि शाळाभेटी (‘अनुवर्तन’) ही त्याची घडी होती. बाहेरून येणारी मंडळी बदलत राहिली. शाळांतले शिक्षकच पुढे प्रशिक्षक झाले. कार्यक्रम तीस वर्षे टिकण्यात याचा वाटा होता. २००२ मध्ये राज्य शासनाने तो बंद केला. त्यामागच्या कारणांविषयी मतभेद आहेत.

महाराष्ट्रात होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र (मुंबई, १९७४) हे विज्ञान शिक्षणातले मुख्य केंद्र. भौतिकशास्त्रज्ञ वि. गो. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात केलेले काम मोलाचे आहे.

अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशनची ‘जीके-१२’ योजना (१९९९) शाळांत असे काम करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना विद्यावेतन देई.

वऱ्हाडात याला जवळची रूढ पद्धत कृषी शिक्षणात आहे. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे (अकोला, १९६९) पदवीच्या अंतिम वर्षाचे विद्यार्थी ‘कृषिदूत’ व ‘कृषिकन्या’ म्हणून खेड्यांत जातात आणि बीजप्रक्रियेसारखी प्रात्यक्षिके करून दाखवतात. मूलभूत विज्ञानालाही असा अभ्यासक्रमात बांधलेला कार्यानुभव हवा. उदाहरणार्थ, चांदूर रेल्वे हे मुंबई–नागपूर लोहमार्गावरील तालुक्याचे गाव अमरावतीच्या विद्यापीठापासून जवळ आहे. अंतर ही इथली अडचण नव्हे, वेळापत्रक आहे. विदर्भातील शाळा जूनअखेरीस उघडतात, विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा दिवाळीच्या आगेमागे येतात आणि फेब्रुवारीत दहावीची प्रात्यक्षिके लागतात. सलग कामाला जुलै ते सप्टेंबर आणि जानेवारी एवढाच काळ उरतो.

स्थानिक साहित्याची वाण नाही. याच तालुक्यातील सावंगा विठोबा येथे गुढीपाडव्याला मोठ्या प्रमाणात कापूर जाळतात. संप्लवनाचा (घन पदार्थाची द्रव न होता थेट वाफ होण्याचा) पाठ त्या ओळखीच्या कापरापासून घेता येतो. बशीत थोडा कापूर ठेवून त्यावर नरसाळे पालथे घालतात, नळीच्या तोंडाशी कापसाचा बोळा बसवतात आणि बशी मंद आचेवर तापवतात. नरसाळ्याच्या आतल्या बाजूस पांढरे कण धरतात, बशीत द्रव मात्र दिसत नाही. कापूर पेट घेतो, म्हणून ज्योत थेट लागू देऊ नये व शिक्षकाने जवळ थांबावे.

एम.एस्‌सी.चा विद्यार्थी दोन वर्षांत निघून जातो. म्हणून सहयोगाचा करार विद्यार्थ्याशी न करता त्याच्या विभागाशी करावा, जुन्या तुकडीने नव्या तुकडीला शाळेत नेऊन काम सोपवावे, आणि प्रयोगांची वही व साहित्याची पेटी शाळेतच, शिक्षकाच्या ताब्यात ठेवावी.