खडकवासल्याचा काय दोष होता?

१२ जुलै १९६१ रोजी पुण्यावर जे संकट कोसळले त्याला आपण ‘पानशेतचा पूर’ म्हणतो. नाव योग्य आहे. पण त्या नावाआड एक धरण कायमचे झाकले गेले. त्या दिवशी दोन धरणे फुटली. दुसरे होते खडकवासला, आणि ते जवळजवळ ऐंशी वर्षे पुण्याला पाणी पाजत उभे होते. आजचा धागा त्याच्याविषयी.

मुठा नदीवरील या धरणाचे काम १८६९ साली सुरू झाले आणि त्यापुढील दशकात ते पूर्णत्वास गेले. आखणी कर्नल फाइफ या लष्करी अभियंत्याची, म्हणून जलाशयाला ‘लेक फाइफ’ हे नाव पडले. दगडी बांधकामाचे इतके मोठे धरण त्या काळी हिंदुस्थानात अपूर्वाईचे होते. पुणे शहर, खडकी व पुण्याची छावणी आणि उजव्या कालव्यावरील शेती एवढा पसारा त्याने सांभाळला. पुढे याच धरणाला लागून देशातील जलशास्त्राची मध्यवर्ती प्रयोगशाळा उभी राहिली. धरणांचा अभ्यास करणारी संस्था आणि धरण शेजारी-शेजारी नांदत होते, हा योगायोग पुढचे वाचताना ध्यानात ठेवावा.

स्वातंत्र्यानंतर शहर वाढले आणि एवढे पाणी अपुरे पडू लागले. म्हणून १९५७च्या सुमारास वरच्या अंगाला, मुठेला मिळणाऱ्या आंबी नदीवर, पानशेत येथे मातीचे धरण बांधावयास घेतले. ते १९६२ साली पूर्ण व्हावयाचे होते. प्रत्यक्षात १९६१च्या पावसाळ्यातच त्यात पाणी साठू दिले गेले. लोखंडी सळ्यांविना बांधलेल्या मोरीविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि तो दोष गंभीरच होता. तरीही माझ्या मते मूळ अपराध वेळापत्रकाचा आहे. मोरीच्या तोंडाशी दारे होती, परंतु ती वर-खाली करण्याची व्यवस्था पुरी झालेली नव्हती. दारे अर्धवट उघडी राहिली आणि त्यांखालून पाणी प्रचंड वेगाने घुसू लागले. मोरी कधी तुडुंब भरून वाहे, कधी अर्धी रिकामी. त्या हेलकाव्यांनी तिला हादरे बसत राहिले. वरचा मातीचा भराव त्यामुळे खचू लागला.

मातीच्या धरणाचा माथा खचणे म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. दगडी धरणावरून पाणी वाहिले तरी ते काही काळ तग धरू शकते. मातीचा भराव मात्र वरून पाणी जाऊ लागले की लोण्यासारखा कापला जातो. म्हणूनच ११ जुलैच्या रात्री लष्कराचे जवान भर पावसात खचलेल्या माथ्यावर वाळूची पोती रचत होते. सकाळी धरण गेले. परंतु रात्र निभावली. झोपेतल्या शहरावर लोंढा आला असता तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही.

आता तो लोंढा खडकवासल्याकडे निघाला. दगडी धरण आपल्या वजनाच्या बळावर पाण्याला अडवते. पाण्याची खोली दुप्पट झाली की त्याचा एकूण रेटा चौपट होतो, आणि धरणाला उलथवू पाहणारा जोर आठपट. फाइफच्या धरणाचा हिशेब मुठेच्या पुराचा होता. डोक्यावर दुसरे धरण येऊन आदळेल हा हिशेब १८६९ साली कोणी करणे शक्यच नव्हते. १९५७ साली मात्र तो करावयास हवा होता. पाणी माथ्यावरून वाहत असतानाही ते काही तास उभे राहिले, आणि मग त्यालाही खिंडार पडले.

नदीकाठच्या नारायण, शनिवार, कसबा पेठा आणि डेक्कन जिमखान्याचा भाग पाण्याखाली गेला. मृतांचा आकडा आजही वादग्रस्त आहे. पूर ओसरल्यावर दुसरे संकट उभे राहिले: नळाला पाणी देणारा जलाशयच रिता झाला होता. वाड्यांतल्या विहिरी आणि पेशव्यांच्या कात्रज योजनेचे हौद यांची किंमत तेव्हा पुणेकरांना नव्याने कळली. पुनर्वसनाची धुरा स. गो. बर्वे यांच्याकडे आली. लोकमान्यनगर, गोखलेनगर या वसाहती त्याच काळातल्या. चौकशी आयोग आधी न्या. बावडेकर यांचा होता. त्यांच्या मृत्यूनंतर न्या. नाईक यांनी ते काम पूर्ण केले.

दोन्ही धरणे पुन्हा उभी राहिली. पुढे वरसगाव आणि टेमघर यांची भर पडली, आणि टेमघरच्या भिंतीतून होणारी गळती व तिची दुरुस्ती गेली काही वर्षे सतत बातम्यांत आहे. २०२१च्या धरण सुरक्षा कायद्याने प्रत्येक मोठ्या धरणाची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी बंधनकारक केली. त्या तपासणीचा अहवाल धरणागणिक निघतो. खडकवासल्याची गोष्ट वाचलेल्या माणसाला मात्र नकाशा समोर ठेवावासा वाटतो: वरसगाव सुमारे १२.८ टीएमसी, पानशेत १०.६, टेमघर ३.७, आणि या तिघांचेही पाणी ज्याच्या पोटात उतरते ते खडकवासला सुमारे २.