गजकर्ण आता लवकर बरे का होत नाही? बुरशी बदलली आहे, उपचारही बदलावे लागतात

जांघेत, कमरेवर, पोटावर किंवा पाठीवर गोल लालसर चट्टा उठतो. कडा उठावदार, मधला भाग थोडा स्वच्छ, आणि रात्री सहन न होणारी खाज. याला आपण गजकर्ण किंवा नायटा म्हणतो. भिवंडीत बरेच जण 'दाद' म्हणतात. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी साधे मलम दोन-चार आठवडे लावले की बहुतेकांचे गजकर्ण जात असे. आज रुग्ण येतात ते सहा महिने, कधी वर्षभराचा त्रास आणि अर्धवट वापरलेल्या चार-पाच ट्यूब घेऊन. "डॉक्टर, लावलं की बसतं, सोडलं की दुप्पट येतं," हे त्यांचे ठरलेले वाक्य.

यात दोष तुमच्या रक्ताचा नाही आणि फक्त अस्वच्छतेचाही नाही. बुरशी बदलली आहे. ती कशी बदलली हे समजले, तर उपचार पूर्ण का करायचे तेही पटेल.

गजकर्ण म्हणजे नेमके काय?

गजकर्ण हा किड्याचा किंवा रक्तदोषाचा आजार नाही. तो बुरशीचा संसर्ग आहे. त्वचेचा सर्वांत वरचा मृत थर, केस आणि नखे केराटिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असतात. बहुतेक जीवांना केराटिन पचत नाही, पण या गटातल्या बुरशांना पचते.

या बुरशांचे अनेक प्रकार आहेत. काही मातीत राहतात आणि तिथे पडलेले केस, पिसे खातात. काही कुत्र्या-मांजरांच्या व गुरांच्या अंगावर राहतात. काही मात्र हळूहळू माणसाच्या त्वचेलाच सरावल्या, आणि आता एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाऊनच टिकतात.

बुरशी वनस्पतींसारखी एका जागी वाढते, पण जीवांच्या वंशवृक्षात ती वनस्पतींपेक्षा प्राण्यांच्या जास्त जवळ आहे. म्हणूनच तिच्यावर औषध शोधणे अवघड जाते. बुरशीला मारेल आणि माणसाच्या पेशींना धक्का लावणार नाही, असे फरक थोडेच सापडतात. गजकर्णासाठी तोंडाने घ्यायची प्रमुख औषधे चारच आहेत: टर्बिनाफिन, इट्राकोनाझोल, फ्लुकोनाझोल आणि ग्रिसिओफल्विन.

बुरशी कशी बदलली?

पूर्वी भारतात गजकर्णाच्या बहुतेक रुग्णांत 'ट्रायकोफायटॉन रुब्रम' ही बुरशी सापडत असे. गेल्या दहा-बारा वर्षांत तिची जागा दुसऱ्या एका बुरशीने घेतली. २०२० मध्ये जपानमधील संशोधकांनी नेपाळी आणि भारतीय रुग्णांच्या त्वचेतून मिळालेल्या या बुरशीला स्वतंत्र नाव दिले: 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी'. ती आता अनेक देशांत पोहोचली आहे. अमेरिकेत न्यूयॉर्कमध्ये तिचे पहिले रुग्ण २०२३ मध्ये नोंदवले गेले.

या बुरशीच्या पुष्कळ नमुन्यांवर टर्बिनाफिन नीट चालत नाही. बुरशीच्या पेशीचे आवरण घट्ट राहण्यासाठी एर्गोस्टेरॉल हा पदार्थ लागतो आणि तो तयार करण्यासाठी एक विकर काम करते. टर्बिनाफिन त्या विकराला चिकटून त्याचे काम थांबवते. या नव्या बुरशीत विकराच्या जनुकात अगदी लहान बदल झालेला असतो. बहुतेक वेळा ३९३ व्या किंवा ३९७ व्या जागचे एकच अमिनो आम्ल बदललेले दिसते. विकराचे काम चालू राहते, पण औषधाची पकड सुटते.

हा बदल औषधाने मुद्दाम घडवलेला नसतो. बुरशी वाढताना जनुकांची नक्कल होते आणि नकलेत अधूनमधून चुका होतात. एरवी अशी चूक हरवून जाते. पण औषध चालू असेल तर साधी बुरशी मरते आणि ती चूक असलेली बुरशी उरते. तीच वाढते, तीच घरातल्या दुसऱ्याला लागते. उत्क्रांती म्हणतात ती हीच, आणि ती आपल्या कातडीवर काही महिन्यांत घडू शकते.

यात आपला हातभार कुठे लागतो?

धामणकर नाक्याच्या आसपासचेच उदाहरण घ्या. यंत्रमागावर बारा तासांची पाळी, उकाडा, घामाने भिजलेले कपडे, एका खोलीत अनेक जणांचे राहणे, एकाच दोरीवर वाळणारे टॉवेल आणि पावसाळ्यात न वाळणारी जीन्स. बुरशीला हवा तो ओलावा, ऊब आणि नवे शरीर इथे जवळच मिळते. पाळी बुडवून डॉक्टरकडे जाणे परवडत नाही, म्हणून नाक्यावरून जाता जाता 'खाजेची ट्यूब' घेतली जाते.

अशा पुष्कळ ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासोल, बेटामेथासोन यांसारखे तीव्र स्टेरॉइड असते. स्टेरॉइडने खाज आणि लाली दोन दिवसांत बसते, आणि आजार गेला असे वाटते. प्रत्यक्षात त्या जागेची प्रतिकारशक्ती दबलेली असते आणि बुरशी शांतपणे पसरत असते. बुरशी जितकी जास्त वाढेल, तितक्या जनुकांच्या नकला जास्त आणि चुकांची शक्यताही जास्त. त्यातच औषध चौथ्या दिवशी सोडले, तर तग धरणाऱ्या बुरशीला मैदान मोकळे होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा स्टेरॉइड मलमांना 'शेड्यूल एच' मध्ये घातले. म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तुम्हीही ती मागू नका.

टाकळ्याचा लेप चालेल का?

हा प्रश्न नेहमी येतो. पावसाळ्यात आपण ज्याची भाजी करतो तो टाकळा संस्कृतात 'चक्रमर्द' किंवा 'दद्रुघ्न', म्हणजे दादाचा नाश करणारा, म्हणून ओळखला जातो. गजकर्णी नावाचे झुडूपही याच कामासाठी वापरत. यात तथ्य आहे. वनस्पतींवरही बुरशी हल्ला करते, म्हणून त्यांनी बुरशीविरोधी रसायने विकसित केली. बुरशाही एकमेकींशी लढतात. ग्रिसिओफल्विन हे औषध १९३९ मध्ये पेनिसिलियम या बुरशीतूनच मिळाले.

पण पाल्यात औषधी अंश किती, हे प्रत्येक वेळी वेगळे असते. खाजवून सोललेल्या कातडीवर असा लेप लावला, तर आग होऊन जखम होऊ शकते. टाकळ्याची भाजी जरूर खा. पसरलेल्या गजकर्णावर मात्र लेपावर विसंबून वेळ घालवू नका.

उपचार घेताना काय करावे?

• वापरलेल्या सगळ्या ट्यूब आणि गोळ्यांची पाकिटे डॉक्टरांना दाखवा. लाजू नका. त्यावरूनच पुढचे औषध ठरते.

• चट्ट्याची कड खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी पाहण्याची तपासणी सोपी असते. डॉक्टरांनी सांगितल्यास ती करून घ्या.

• मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटांपर्यंत लावा. चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टर सांगतील तितके दिवस, साधारणपणे आणखी दोन आठवडे तरी, उपचार चालू ठेवा.

• टर्बिनाफिनने फरक पडला नाही तर डॉक्टर बहुधा इट्राकोनाझोल देतात. ते एर्गोस्टेरॉल बनण्याच्या वेगळ्या टप्प्यावर काम करते. त्याच्या कॅप्सूल जेवणानंतर घ्या आणि सोबत पित्ताची गोळी घेऊ नका. हृदयाचा किंवा यकृताचा आजार, गरोदरपण किंवा चालू असलेली इतर औषधे यांची माहिती आधी द्या.

• घरात किंवा खोलीत ज्यांना खाज आहे, त्या सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत. नाहीतर बुरशी फिरून परत येते.

• टॉवेल, चादर आणि आतले कपडे प्रत्येकाचे वेगळे ठेवा. ते गरम पाण्यात धुवा आणि उन्हात पूर्ण वाळवा. पावसाळ्यात शिवणीवरून आतून गरम इस्त्री फिरवा. सैल सुती कपडे वापरा. पाळी संपली की आंघोळ करून अंग कोरडे करा.

डॉक्टरकडे लगेच कधी जावे?

चट्टे चेहऱ्यावर, डोक्यात किंवा नखांत असतील, लहान मूल, गरोदर स्त्री किंवा मधुमेही व्यक्तीला झाले असतील, पू येत असेल, किंवा ट्यूब लावलेल्या जागी कातडी पातळ होऊन चरे पडले असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. स्टेरॉइडची ट्यूब थांबवल्यावर काही दिवस खाज वाढते. घाबरून तीच ट्यूब पुन्हा लावू नका, डॉक्टरांना सांगा. दुसऱ्या एखाद्या आजारासाठी पोटातून स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तर त्या स्वतःहून बंद करू नका.

आज गजकर्ण बरे होते, फक्त वेळ जास्त लागतो. हाताशी औषधे थोडी आहेत, आणि आपण अर्धवट सोडलेला प्रत्येक कोर्स त्यांतले एखादे निकामी करायला मदत करतो. खाज थांबली म्हणून थांबू नका. डॉक्टर थांबा म्हणतील तेव्हाच थांबा.