हरकत नाही

मराठी माणूस दिवसातून किती वेळा 'हरकत नाही' म्हणतो, याची मोजदाद मी एकदा स्वतःवर करून पाहिली. बँकेतला साधा बुधवार होता. जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकोणीस वेळा झालं. 'बाबू, पेन घेतो जी' – हरकत नाही. 'सही जरा वाकडी झाली' – हरकत नाही (खरं म्हणजे होती). साहेबांनी 'आज उशिरापर्यंत थांबाल ना?' विचारलं तेव्हाही तेच. आता असल्या माणसाला सरकार वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, वधूवरांच्या नि हरवले-सापडलेच्या शेजारी, बारीक अक्षरात विचारतं, 'हरकत असल्यास कळवावी.' तो बिचारा काय कळवणार?

हे सगळं सुचायला कारण घडलं ते पानठेल्यावर. आमचं सिंदेवाही म्हणजे कागदावर आता सिंदेवाही-लोनवाही नगरपंचायत. रेल्वे स्टेशन आहे, भात संशोधन केंद्र आहे आणि चहूकडे जंगल आहे. संध्याकाळी फिरायला गेलेला माणूस वेळेवर परतला नाही, तर इथे घरच्यांना पोलिसांच्या आधी वनखातं आठवतं. तर अशा गावात तळ्याखालच्या बांधीत चार मजली फ्लॅट स्कीम येणार, अशी बातमी ठेल्यावर आली. कोणत्या तळ्याखाली, कोणाच्या बांधीत, याचा पत्ता नव्हता. ठेल्यावरच्या बातमीला पत्ता नसतोच. एक जण म्हणाला, चार नाही, सात मजले. दुसरा म्हणाला, लिफ्टसुद्धा आहे. मग पाणी कुठून जाणार, यावर बराच वेळ सुपारी कातरली गेली, आणि शेवटी सगळ्यांचे डोळे माझ्यावर स्थिरावले.

"तुमी तं बँकेत आहा जी. एक हरकतीचा अर्ज लिहून द्या. तुमाले का लागते?"

मी बी. कॉम. आहे. अर्ज लिहिण्यापूर्वी तो कोणत्या कलमाखाली करायचा हे पाहावं, एवढं आम्हाला शिकवलेलं असतं. म्हणून मी कायदा पाहायला बसलो आणि दोन रात्री उठलो नाही. सौ.ला वाटलं, प्रमोशनची परीक्षा आहे. तिने दूध आणून ठेवलं. मीही गैरसमज दूर केला नाही.

पहिला शोध असा लागला, की इमारतीला हरकत घेण्याची जागाच आपल्याकडे नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा 1966 चा. जानेवारी 1967 पासून लागू. त्यात हरकती मागवतात त्या गावाच्या विकास आराखड्यावर. पिवळा रंग म्हणजे राहण्याची वस्ती, हिरवा म्हणजे शेती, असा नकाशा रंगवून लावतात, राजपत्रात नि पेपरात सूचना देतात आणि महिनाभराची मुदत देतात. मुदत संपून, सुनावणी होऊन, आराखडा मंजूर झाला, की त्या पिवळ्यात पुढे कोणी नियमात बसणारी इमारत बांधली, तर शेजाऱ्याला कोणी विचारत नाही. म्हणजे इमारतीला हरकत घ्यायची असेल, तर ती इमारत नसताना घ्यावी लागते. जावई पसंत नसेल तर मुलगी पाळण्यात असतानाच सांगा, असा हा प्रकार आहे.

विलायतेत तसं नाही म्हणतात. तिथे 1947 च्या कायद्यापासून एकेका बांधकामाची परवानगी मागावी लागते, अर्ज सर्वांना पाहायला खुला असतो, आणि शेजारी बसून हरकती लिहितात. पण तिथे पाऊस फार, माणसं घरात बसलेली. त्यांना लिहायला वेळ मिळत असेल.

आमच्या चंद्रपूर जिल्ह्याला 'जनसुनावणी' हा शब्द काही नवा नाही. कोळशाच्या खाणींनी तो आम्हाला घरोघर शिकवला. पर्यावरण खात्याच्या 2006 च्या अधिसूचनेत खाणीसाठी जनसुनावणी आहे. इमारतींनाही, वीस हजार चौरस मीटरच्या वर गेल्या, की पर्यावरणाची परवानगी लागते. पण त्यांना जनसुनावणी माफ आहे. आमच्या ठेल्यावरची चार मजली स्कीम वीस हजारांपर्यंत पोचायची म्हणजे तिला सिंदेवाहीहून निघून मूलच्या रस्त्याला लागावं लागेल. तो दरवाजाही बंद.

मग फ्लॅटचे कायदे काढले. 1963 चा कायदा सांगतो, की फ्लॅट घेणाऱ्याला एकदा नकाशा दाखवला, की त्याच्या संमतीशिवाय बिल्डरने तो बदलू नये. 'रेरा' आला, महाराष्ट्रात 1 मे 2017 पासून त्याचं प्राधिकरण सुरू झालं; तो म्हणतो, आराखड्यात मोठा बदल करायचा तर दोन-तृतीयांश घेणाऱ्यांची संमती हवी. कायदे चांगले आहेत, माझ्यासारख्या कर्जखात्यातल्या माणसाला तर ते फार सोयीचे. पण नीट पाहा : जे अजून राहायला यायचे आहेत त्यांची संमती लागते. जे आधीपासून राहतात त्यांचा उल्लेख नाही.

इथपर्यंत आल्यावर मी दूध पिऊन टाकलं आणि मागे गेलो. म्हणजे इतिहासात.

आपल्याकडे नगररचनेचा पहिला कायदा 1915 चा, मुंबई इलाख्याचा. देशातलाही तोच पहिला. आमचा चांदा तेव्हा मध्य प्रांतात, त्यामुळे तो आम्हाला लागू नव्हता. त्याच सुमारास पॅट्रिक गेडीस नावाचा एक दाढीवाला स्कॉटिश प्राध्यापक हिंदुस्थानात आला. हा मूळचा जीवशास्त्राचा माणूस. गावाची नाडी पाहिल्याशिवाय गावाला औषध देऊ नये, असं त्याचं मत. त्याने गावोगावचे नकाशे नि चित्रं जमवून मोठं प्रदर्शन केलं होतं. ते 'क्लॅन ग्रँट' नावाच्या बोटीतून इकडे येत असताना ऑक्टोबर 1914 मध्ये जर्मनांच्या 'एमडेन' युद्धनौकेने ती बोट बुडवली. सगळे नकाशे समुद्रात. दुसरा कोणी असता तर विम्याचे पैसे घेऊन घरी गेला असता. याने पुन्हा सगळं जमवलं आणि 1915 च्या जानेवारीत मद्रासला प्रदर्शन भरवलं. पुढे 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात तो समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला.

पण त्याची खरी मौज इंदूरला. होळकरांच्या इंदुरात प्लेगने माणसं हैराण. गेडीसला काम दिलेलं. गल्लीबोळांतून नकाशे घेऊन हिंडणारा गोरा म्हणजे आपलं घर पाडायला आलेला, अशी लोकांची खात्री, त्यामुळे त्याला पाहिलं की लोक शिव्याशाप देत. त्याने महाराजांकडे एक मागणं मागितलं : मला एक दिवसाचा राजा करा. ते मिळालं. मग त्याने जाहीर केलं, दिवाळीला मोठी मिरवणूक निघेल. आणि ती नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही, जे रस्ते सर्वांत स्वच्छ नि घरं नीटनेटकी असतील तिथूनच जाईल. झालं! हजारो गाड्या कचरा शहराबाहेर गेला. मिरवणुकीत हत्ती होते, घोडे होते, घाणीचा राक्षस होता आणि प्लेगचा भलाथोरला उंदीर होता. शेवटी राक्षस जाळला. ज्या माणसाला पाहून लोक दारं लावत होते, त्याच्यासाठी लोकांनी अंगणं सारवली. मला यात कलम-बिलम काही दिसत नाही. लोकांना कळेल अशा ठिकाणी, म्हणजे त्यांच्या दारात, त्याने प्रश्न नेऊन ठेवला, एवढंच दिसतं.

पुढे 1954 च्या कायद्याने प्रत्येक नगरपालिकेने आराखडा केलाच पाहिजे असं ठरवलं, आणि मग 1966 चा आला. हरकतींचा उपयोग होत नाही असं मात्र म्हणता येणार नाही. 2015 साली मुंबईचा आराखडा प्रसिद्ध झाला. त्यात चुका इतक्या, की हजारो लोक हरकती घेऊन धावले आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो बाजूला ठेवून दुरुस्त करायला लावला. त्याआधी 2013 मध्ये जुन्या पुण्याच्या आराखड्यावर ऐंशी हजारांच्या वर हरकती आल्या. पुणेकरांच्या दृष्टीने ही संख्या मला कमीच वाटते. ऐकायला समिती असते : तीन सभासद स्थायी समितीचे, वर फार तर चार तज्ज्ञ. मी कॉमर्सचा माणूस, म्हणून हिशेब केला. हरकतीला दोन मिनिटं धरली, दिवसाचे आठ तास धरले, तर ऐंशी हजार हरकतींना तीनशे तेहतीस दिवस होतात. रविवार, दिवाळी, काही सुटी न धरता. मुदत लोकांना एक महिना आणि ऐकणाऱ्यांना एक वर्ष!

आता मी जे सांगणार आहे, ते या सगळ्याच्या आधीचं आणि अगदी आमच्या अंगणातलं आहे. चांद्याच्या गोंड राजांच्या काळी जो तळं बांधील त्याला त्याखालची जमीन मिळे; तिला 'तुकूम' म्हणत. चंद्रपुरात त्या नावाची वस्ती अजून आहे. तिथे राहणाऱ्या किती जणांना आपण तळ्याच्या बक्षिसावर राहतो हे ठाऊक असेल, कोण जाणे. इंग्रज आले. मेजर ल्यूसी स्मिथने केलेल्या जमाबंदीचा अहवाल 1869 चा. त्या काळात मालगुजारांना मालकी मिळाली, तळी त्यांची झाली. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तळी सरकारची झाली. तेव्हापासून ती 'माजी मालगुजारी तलाव', लाडाने 'मामा तलाव'. मामा कोणाचा, हे भाच्यालाही सांगता येत नाही.

पण या जमाबंदीच्या मागून एक कागद आमच्याकडे राहिला. 'वाजिब-उल-अर्ज'. नाव ऐकून मला आधी कव्वाली वाटली. हा म्हणजे गावाच्या रीतींचा दाखला. कोणाच्या शेतातून कोणाचं पाणी जातं, वाट कुठून आहे, खाजगी तळ्यातली मासळी कोणी धरायची, हे त्यात लिहायचं. दुसरा 'निस्तार पत्रक' : गावची मोकळी जमीन, चराई, जळण वगैरे. महाराष्ट्राच्या 1966 च्या जमीन महसूल कायद्यात दोन्ही आहेत. निस्तार पत्रकाचा मसुदा गावात प्रसिद्ध करून, गावकऱ्यांची इच्छा जाणून घेऊन मगच कलेक्टरने कायम करायचा. आणि वाजिब-उल-अर्जातली नोंद पटली नाही तर दिवाणी दाव्याला मुदत किती? एक वर्ष. पुन्हा वाचलं. एक वर्षच. पाटातल्या पाण्याला एक वर्ष आणि अख्ख्या गावाच्या नकाशाला एक महिना. शिवाय इथे तुम्हाला पुढे काय व्हावं हे कोणी विचारत नव्हतं. तुम्ही रोज काय करता, एवढंच विचारत होते. त्याचं उत्तर अंगठेबहाद्दरालाही येतं.

इथे मला जरा थांबावं लागलं. कारण असं, की बारा वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका गावी बदलीवर होतो. गावाचं नाव सांगत नाही, गावाचा काही दोष नाही. घराचा कर भरायला म्हणून घरमालकांची पावती घेऊन मी कचेरीत गेलो. भिंतीवर रंगीत नकाशा लावलेला. रांग मोठी, म्हणून मी नकाशात आमचं घर शोधू लागलो. घर सापडलं नाही. घरामागचा नाला सापडला नाही. तिथे सगळं पिवळं होतं. शेजारी उभ्या गृहस्थांनी विचारलं, "काही हरकत आहे का तुमची? इथे लिहून देता येते." मी हसून म्हणालो, "छे छे, हरकत नाही." तो त्या दिवसाचा कितवा होता, मोजला नव्हता.

घरमालक म्हणजे निवृत्त गुरुजी. भाडं वाढवताना त्यांनाच घाम फुटायचा. तीन वर्षांनी मागच्या पिवळ्यावर इमारत आली. नियमात बसणारी, सगळी परवानगी असलेली. मी हे खात्रीने सांगतो, कारण त्यातल्या सहा फ्लॅटच्या कर्जाच्या फायली मीच तपासल्या. सातबारा, अकृषिक आदेश, मंजूर नकाशा, वकिलाचा सर्च रिपोर्ट. कुठे खोट नव्हती. वाजिब-उल-अर्ज आमच्या यादीत नसतो. त्या पावसाळ्यात गुरुजींच्या अंगणात पाणी आलं, विहिरीत गेलं, आणि पुढच्या पावसाळ्यातही आलं. गुरुजी एका शब्दाने कोणाला बोलले नाहीत. दिवाळीनंतर मुलाकडे नागपूरला निघून गेले. जाताना मला म्हणाले, "नाला होता हो इथे. तुम्ही पाह्यला होता ना?" मी म्हणालो, हो, पाहिला होता.

तर सिंदेवाहीचा अर्ज मी लिहिला. हरकतीचा नाही, तळ्याखालच्या बांध्यांची वाजिब-उल-अर्जातली आणि निस्तार पत्रकातली नोंद मिळावी म्हणून नकलेचा अर्ज. पाळ कुठे, सलंग कुठे, पाट कुठून जातो, हे आधी कागदावर हातात असावं म्हणून. सौ.ला वाचून दाखवला. ती म्हणाली, छान आहे. मग जरा थांबून म्हणाली, "पण समजा झालीच ती स्कीम, तर तिसऱ्या मजल्यावर साप येत नसतील, नाही?" गेल्या श्रावणात आमच्या मोरीत निघाला होता. मी काही बोललो नाही.

सह्यांसाठी अर्ज पानठेल्यावर नेला. बघता बघता अकरा सह्या झाल्या. ठेलेवाल्या भाऊंनी चुन्याचं बोट पुसून बारावी केली, कागद माझ्याकडे सरकवला, आणि आवाज खाली आणून विचारलं, "एक सांगा जी. त्या फ्लॅटले तुमची बँक लोन देईल ना?"