दाढ, वायू आणि भय

दाढदुखीने रात्रभर तळमळलेला मनुष्य सकाळी दंतवैद्याच्या दारापर्यंत जातो आणि तेथूनच परत फिरतो. श्रोतेहो, हा अनुभव पुष्कळांच्या घरचा असेल. वेदना दाढेत असते, भय मनात असते. आधी वैद्यकाने वेदना जिंकली. भयाकडे त्याचे लक्ष गेले ते मागाहून. ही कथा सुरू होते ती हॉरेस वेल्स या दुर्दैवी दंतवैद्यापासून.

नायट्रस ऑक्साइड, म्हणजेच हास्यवायू, शस्त्रक्रियेतील वेदना घालविण्यास उपयोगी पडेल, असे हंफ्री डेव्हीने १८०० सालीच इंग्लंडमध्ये सुचविले होते. परंतु पुढे चार दशके लोकांनी तो वापरला केवळ करमणुकीसाठी. १० डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड येथे कोल्टन नावाच्या गृहस्थाने असाच खेळ मांडला. वायू हुंगलेला एक तरुण धडपडला, त्याच्या पायास जखम झाली. पण त्याला तिचा पत्ताच नव्हता! प्रेक्षकांत बसलेल्या वेल्सने ते नेमके हेरले. दुसऱ्याच दिवशी तो स्वतः रोग्याच्या खुर्चीत बसला. कोल्टनने वायू दिला, रिग्ज या व्यवसायबंधूने दाढ काढली, आणि वेल्सला वेदना अशी जाणवलीच नाही.

१८४५ च्या आरंभी बोस्टनमध्ये विद्यार्थ्यांपुढे त्याने हा प्रयोग केला. वायूची पिशवी वेळेआधीच दूर झाली, रोगी कण्हला आणि सभेने वेल्सला लबाड ठरविले. नेहमीइतके दुखले नाही, असे त्या रोग्याने मागाहून सांगितले. पण ते ऐकतो कोण? १६ ऑक्टोबर १८४६ रोजी वेल्सचाच जुना सहकारी मॉर्टन याने त्याच शहरात ईथर देऊन यश मिळविले. पुढे क्लोरोफॉर्मचे प्रयोग स्वतःवर करताना वेल्सच्या मनाचा तोल ढळला. जानेवारी १८४८ मध्ये, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या तुरुंगात त्याने आपले जीवन संपविले.

१८६३ पासून कोल्टननेच हा वायू दंतवैद्यकात पुन्हा रूढ केला. १८८४ मध्ये कोकेन व १९०५ मध्ये प्रोकेन आले. हिरडीपुरती बधिरता शक्य झाली. वेदना गेली, तरी सुईचे व यंत्राच्या आवाजाचे भय उरलेच. तेव्हा जुना वायू नव्या कामी आला. आज तो ऑक्सिजनमध्ये मिसळून नाकावाटे देतात. रोगी जागा असतो, प्रश्नाला उत्तर देतो, मात्र मन निवलेले असते. वेदनेसाठी बधिरतेची सुई निराळी द्यावी लागतेच. कोणास तासभर आधी गोळी पुरते, कोणास शिरेतून मिडाझोलाम लागते, तर क्वचित कोणास रुग्णालयात पूर्ण भूल द्यावी लागते. निवड रोग्याची प्रकृती पाहून व्हावी, आणि श्वासावर जाणत्या माणसाची नजर असावी.

मात्र वैद्याला हे भय दिसावयाचे, तर रोग्याने ते बोलून दाखविले पाहिजे. त्यात लाज कसली? कण्हणाऱ्या रोग्याला हसण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, एवढे जरी बोस्टनच्या त्या सभेला सुचले असते, तरी वेल्सची कथा कदाचित निराळी झाली असती.