दादीची कॅसेट आणि अर्धवट सीडी

२००५ च्या सुमाराला नगरमध्ये सीडी राइट करायची, तर आधी भारनियमनाचे वेळापत्रक पाहावे लागे. मी नुकताच बी.एड. झालो होतो. दादीच्या जात्यावरच्या ओव्या, काही मराठी, काही दखनी, एका कॅसेटवर होत्या. ओळखीच्या दुकानात त्या संगणकावर घेतल्या आणि सीडी लावली. निम्म्यात वीज गेली. ती सीडी कुठल्याच प्लेअरवर वाजली नाही, आणि तो संगणकही पुन्हा सुरू झाला नाही.

असे का होते, ते नंतर समजले. फिलिप्स आणि सोनी यांनी १९९० मध्ये कोऱ्या सीडीचे मानक ठरवले. तिच्यात रंगद्रव्याचा थर असतो. लेसर तो तापवून खुणा करतो. त्या पुसता येत नाहीत. लिहिणे आतून बाहेर, एकाच सर्पिल रेषेत चालते. जुन्या राइटरला मध्येच थांबून पुन्हा जोडता येत नसे. आठपट वेगाने सेकंदाला सुमारे १.२ एमबी मजकूर लागे. राइटरची साठवण २ एमबीची असेल, तर संगणक दोन सेकंद अडखळला की सीडी वाया. म्हणून लोक स्क्रीनसेव्हर बंद करत, वेग कमी ठेवत, माउसलाही हात लावत नसत.

२००० मध्ये सान्योचे 'बर्न-प्रूफ' तंत्र आले. साठवण रिकामी होऊ लागली की लेसर थांबे, जागा लक्षात ठेवी आणि तिथूनच पुढे लिही. त्या काळी घरोघरी असलेल्या जर्मन सॉफ्टवेअरचे नाव 'नीरो बर्निंग रॉम'. रोम जळताना नीरो फिडल वाजवत होता, या दंतकथेवरचा तो विनोद. त्यातही या तंत्राचा पर्याय दिसे.

पण हा इलाज मजकूर उशिरा पोहोचण्यावर होता, वीज जाण्यावर नव्हता. वीज गेली की राइटरची आठवणही जाते. त्यातच आमच्या पद्धतीत गाण्यांची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाई. ती नसेल तर प्लेअरला आत काही आहे हेच कळत नाही. पूर्ण झालेली गाणी असतील, तर कधीकधी त्याच राइटरवर ती सीडी 'फायनलाइज' करून वाचवता येई. आमची संपूर्ण कॅसेट एकच लांब ट्रॅक होती.

त्याच कॅसेटवर मी वर्गासाठी उर्दू धडे भरणार होतो. अब्बा म्हणाले, "बेटा, नवी वाजल्याशिवाय जुनी पुसू नकोस." मी थांबलो होतो, म्हणून आज दादीचा आवाज आहे. मुलांना मी आता हेच सांगतो: प्रत झाली असे समजू नका, वाजवून पाहा.