दूरचे नवघर

जुन्या गोव्यात २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये संत फ्रान्सिस झेविअर ह्यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन खुले झाले, तेव्हा वसईहून गेलेल्या भाविकांत आम्हीही होतो. रांगेत दीर्घकाळ ताटकळून क्षणभराचे दर्शन घेतले. परतीच्या प्रवासात आमच्यातल्या एका आजींनी सहज विचारले, "ह्यांचं मरण आपण पाहिलं. पण हे जन्मले ते घर कसं असेल हो?" पेस्तात, नोव्हेनात ज्यांचे नाव लहानपणापासून घेत आलो, त्यांच्या घराविषयी आमच्यापैकी कोणालाच धड काही सांगता येईना. त्या एका प्रश्नाने पुढच्या मार्चमध्ये आम्हां चौदाजणांना स्पेनच्या उत्तरेकडील नावारा प्रांतात नेले. आजीही बरोबर होत्या.

मार्च महिना मुद्दाम निवडला होता. १२ मार्च १६२२ रोजी पोप पंधरावे ग्रेगरी ह्यांनी झेविअरांना संतपद बहाल केले. त्या तिथीच्या सुमारास नावाराचे हजारो लोक त्यांच्या जन्मस्थानी पायी जातात. ह्या पदयात्रेला 'हाविएरादा' म्हणतात. कारण तिकडच्या उच्चारात झेविअर म्हणजे 'हाविएर'. १८८५ च्या पटकीच्या साथीतून वाचल्याबद्दल आभार मानण्यासाठी १८८६ मध्ये तिथे मोठी यात्रा निघाली होती. आजची यात्रा मात्र १९४० पासूनची. यादवी युद्धात विजयी पक्षाकडून लढून आलेल्या तरुणांनी ती सुरू केली आणि आरंभीच्या काळात ती पुरुषांचीच होती. आज तीत आजोबा-नातवंडे, धर्मभगिनी, विद्यार्थी असे सर्वजण असतात. धडधाकट लोक राजधानी पाम्प्लोनाहून सुमारे पन्नास किलोमीटर चालत येतात. आम्ही आमच्या गुडघ्यांचा विचार करून सांग्वेसा गावापर्यंत बसने गेलो आणि अखेरचे आठ किलोमीटर चालण्याचे ठरवले.

आरागॉन नदीवरचा पूल ओलांडून सांग्वेसात शिरताच सांता मारिया ला रेआल हे बाराव्या शतकातील चर्च उभे ठाकते. त्याच्या दरवाजावरील शिल्पांत संतांच्या ओळीत गळफास घेतलेला यहुदाही कोरलेला आहे. प्रवेशद्वारातच विश्वासघातक्याला जागा देणाऱ्या त्या कारागिरांचे आम्हांला नवल वाटले. त्या दिवशी पुढे जे पाहायचे आणि आठवायचे होते, त्याची ती नांदीच होती.

आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता. गव्हाची कोवळी शेते दुतर्फा हिरवीगार पसरली होती आणि उत्तरेला लेइरेच्या डोंगररांगेवर ढग टेकले होते. क्रुसाची वाट म्हणत समुदाय चढ चढत होता. प्रार्थनेची भाषा स्पॅनिश, पण स्थाने तीच चौदा. त्यामुळे कोणते स्थान चालले आहे हे आजींना अचूक कळत होते. त्या आपल्या वसईच्या बोलीत उत्तर देत होत्या. एका शेतकऱ्याने आमची विचारपूस केली. "आम्ही हिंदुस्थानातले, गोव्याच्या उत्तरेला वसई आहे तिथले," असे आमच्यातील धर्मगुरूंनी मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितले. तो हसून म्हणाला, "म्हणजे आमचा मुलगा तुमच्याकडे राहिला!" चारशे सत्तरांहून अधिक वर्षे उलटून गेली, तरी त्या माणसाच्या लेखी तो अजून मुलगाच होता.

अखेरच्या वळणावर तो किल्ला दिसला. किल्ला म्हणावा तर लहान आणि वाडा म्हणावा तर भक्कम. आपल्याकडची गढीच जणू. मधोमध उभा असलेला सर्वांत जुना मनोरा दहाव्या-अकराव्या शतकातला मानला जातो. नावारा आणि आरागॉन ह्या राज्यांच्या सीमेवरील ही चौकी पिढ्यान् पिढ्या वाढत गेली. १५०६ च्या ७ एप्रिलला फ्रान्सिस इथेच जन्मले. वडील जुआन दे हास्सो हे कायदेपंडित व नावाराच्या राजमंडळाचे अध्यक्ष. गढी मात्र आई मारिया दे आस्पिल्क्वेता ह्यांच्या माहेरची. पाच भावंडांत फ्रान्सिस सर्वांत धाकटे.

दगडी तट पाहून आमच्यातील मुलांनी लगेच तोफा शोधायला सुरुवात केली. पण ह्या तटांची आजची उंची आणि तजेला बव्हंशी अलीकडचा आहे. १८९२ च्या सुमारास व्हिल्याएर्मोसाच्या डचेसने जीर्णोद्धाराचे काम हाती घेतले आणि विसाव्या शतकात ते पुढे चालू राहिले. फ्रान्सिस ज्या भागात जन्मले, तिथे १९०१ पासून बॅसिलिका उभी आहे. बाल फ्रान्सिसने पाहिलेली गढी वेगळी होती, कारण ती त्याच्या डोळ्यांदेखत पाडली गेली.

ती हकीगत अशी. कास्तील आणि फ्रान्स ह्या दोन बलाढ्य सत्तांच्या मध्ये नावाराचे चिमुकले राज्य सापडले होते. १५१२ मध्ये राजा फर्दिनांदच्या फौजांनी ते जिंकून घेतले. फ्रान्सिस तेव्हा सहा वर्षांचे होते. वडील १५१५ मध्ये वारले. दुसऱ्याच वर्षी पदच्युत राजाने राज्य परत मिळवण्याचा प्रयत्न केला आणि तो फसला. झेविअर कुटुंब त्याच्या बाजूचे होते. तेव्हा कारभार पाहणाऱ्या कार्डिनल सिस्नेरोसच्या हुकमाने नावारातील अनेक गढ्या निकामी करण्यात आल्या. हाविएरचे बाहेरचे तट पाडले, खंदक बुजवला, मनोरे छाटले. राहण्यापुरते घर तेवढे शिल्लक ठेवले. दहा वर्षांचा मुलगा विधवा आईशेजारी उभा राहून हे पाहत असणार. आणि हुकूम देणारा कोणी परधर्मी नव्हता, तो पवित्र सभेचा कार्डिनल होता! हे ऐकून आमच्यात थोडा वेळ कोणी बोलले नाही.

पुढची गोष्ट ह्याहून विलक्षण आहे. १५२१ च्या मे महिन्यात पाम्प्लोनाच्या वेढ्यात कास्तीलच्या बाजूने लढणाऱ्या एका सरदाराच्या पायावर तोफेचा गोळा आदळला. तो सरदार म्हणजे इग्नेशियस लोयोला. फ्रान्सिसचे थोरले भाऊ मिगेल आणि जुआन त्या युद्धात विरुद्ध पक्षाला होते. १५२४ मध्ये माफी मिळाल्यावरच ते घरी परतले. १५२५ मध्ये फ्रान्सिस शिकण्यासाठी पॅरिसला गेले. काही वर्षांनी त्यांच्या खोलीत राहायला कोण आले? तोच लंगडणारा इग्नेशियस. फ्रान्सिसनी प्रथम त्याला दाद दिली नाही, ह्यात आश्चर्य ते काय? ज्यांनी घर पाडले त्यांच्या बाजूचा तो माणूस. तरी १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्रच्या टेकडीवर ज्या सात मित्रांनी एकत्र व्रत घेतले, त्यांत हे दोघे होते. पुढे पूर्वेकडील बेटांवर फिरताना फ्रान्सिसनी सोबत्यांच्या पत्रांतील सह्या कापून गळ्यात बाळगल्या. आणि १५५३ च्या जूनमध्ये इग्नेशियसनी त्यांना परत बोलावणारे पत्र लिहिले, तेव्हा फ्रान्सिसना चीनच्या किनाऱ्याजवळील सांचियान बेटावर देह ठेवून सहा महिने लोटले होते.

गढीतील लहान प्रार्थनाघरात अक्रोडाच्या लाकडाचा एक क्रूस आहे. त्यावरील ख्रिस्ताच्या ओठांवर स्मित आहे. सभोवतालच्या भिंतींवर मात्र सांगाडे नाचत आहेत. मृत्यूच्या नृत्याची ती मध्ययुगीन चित्रे. पाडापाडीच्या त्या दिवसांत ह्या घरातली माणसे इथेच गुडघे टेकत असतील. आजी बराच वेळ तिथून हलल्या नाहीत.

बाहेर येऊन उन्हात बसलो तेव्हा आमच्यातील एका महाविद्यालयीन मुलीने सर्वांच्या मनात घोळणारा विषय काढला. "ज्यांचं घर राजाच्या हुकमानं पडलं, तेच पुढे राजाच्या जहाजातून आपल्याकडे आले ना?" होय, तसेच आले. १५४२ च्या ६ मे रोजी ते पोर्तुगीज गव्हर्नरासोबत गोव्यात उतरले. १५४८ मध्ये गव्हर्नर जुआंव द कास्त्रो ह्यांच्या भेटीसाठी वसईलाही आले होते. पोर्तुगीज अंमलदारांची लूट त्यांना सहन होत नसे. इथे 'लुटणे' ह्या एकाच क्रियापदाची रूपे चालवली जातात, अशा आशयाची जळजळीत टीका त्यांनी १५४५ मध्ये एका सोबत्याला लिहिलेल्या पत्रात केली. १५४९ मध्ये तर त्यांनी खुद्द राजालाच कळवले की, आपण जपानला जवळजवळ पळूनच जात आहोत.

परंतु सत्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १५४६ च्या मे महिन्यात आंबोन बेटावरून त्यांनी त्याच राजाकडे गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायासन, नेमण्याची मागणी केली. ते १५६० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, आले. त्याने पुढे नवख्रिस्ती आणि हिंदू कुटुंबांना जे भोगायला लावले, तो आपल्या किनारपट्टीच्या इतिहासाचा दुःखद भाग आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकेपर्यंत आपली गावेही त्याच्या कक्षेत होती. तटांचे दगड उतरताना पाहिलेल्या मुलाने मोठेपणी राजसत्तेच्या हाती असे शस्त्र मागावे, ह्याचे उत्तर आम्हांला त्या गढीत मिळाले नाही. त्या काळच्या समजुती तशा होत्या, हे खरे. पण तेवढ्याने दुखावलेल्यांचे दुःख कमी होत नाही. संतालाही आपल्या काळाच्या भिंती असतात. आम्ही त्यांच्यासाठी आणि त्या न्यायासनाने छळलेल्यांसाठी एकाच वेळी प्रार्थना केली. सांग्वेसाच्या दारावरचा यहुदा तेव्हा पुन्हा आठवला.

निघताना आमच्या धर्मगुरूंनी एक गोष्ट सांगितली. 'झेविअर' हे मुळात कोण्या माणसाचे नावच नव्हे. ते ह्या जागेचे नाव. बास्क भाषेत 'एचे' म्हणजे घर आणि 'बेरी' म्हणजे नवे. 'एचेबेरी'चे पुढे हाविएर झाले. "म्हणजे नवघर!" आजी पटकन म्हणाल्या. वसई रोड स्टेशनला लागून असलेल्या आपल्या नवघरातच त्यांचे माहेर. सगळे हसलो, पण त्या हसण्यात आमचे डोळे थोडे पाणावले होते.

आपल्या घराघरांत एखादा तरी झेविअर असतो. येत्या ३ डिसेंबरला त्याला हे अवश्य सांगावे, की बाळा, तुझे नाव एका पाडलेल्या घराचे आहे. त्या घरातून निघालेल्या मुलाने घर पाडणाऱ्यांच्या बाजूच्या माणसाला जिवाचा मित्र केले. तो चुकलाही, तेही लपवू नये. आणि कधी सवड मिळाली तर मुलांना घेऊन वसईच्या किल्ल्यात जावे. तिथल्या पडक्या भिंतींपाशी बसून ही सगळी हकीगत सांगता येईल.