नांदेड ४४ ची वंशावळ

गोदाकाठच्या काळ्या रानात पूर्वी गावरानी कापूस व्हायचा. नांदेडच्या उस्मानशाही मिलच्या काळातला हा देशी कापूस २६ गुणसूत्रांचा. पुढे घरोघरी पोचलेलं ‘नांदेड ४४’ हे संकरित बियाणं मात्र त्याच्या वंशातलं नाही. ते अमेरिकन कपाशीचं, ५२ गुणसूत्रांचं. या दोन घराण्यांचा थेट संकर केला तर ३९ गुणसूत्रांचं वांझ झाड हाती येतं.

१९७० मध्ये सुरतेला डॉ. सी. टी. पटेल यांनी ‘संकर-४’ दिला. व्यापारी लागवडीसाठीचा जगातला तो पहिला संकरित कापूस. १९७२ मध्ये परभणीला कृषी विद्यापीठ झालं आणि त्याच्या नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातून १९८० च्या दशकात एनएचएच-४४, म्हणजेच नांदेड ४४, बाहेर पडलं. आई बीकानेरी नरमा, बाप एसी-७३८; दोघंही अमेरिकन घराण्यातले. कोरडवाहूत तग धरणारं आणि पावसाचा खंड पडला तरी पुन्हा पाती धरणारं म्हणून मराठवाड्याने ते उचललं.

बियाण्याच्या प्लॉटवर हा संकर बोटांनी घडतो. उद्या उमलणारी कळी दुपारनंतर निवडायची, नखाने पाकळ्यांसकट पुंकेसर सोलून काढायचे, कळी झाकायची. सकाळी नर वाणाच्या फुलाचा पराग तिच्या टोकाला लावायचा आणि ओळखीसाठी दोरा बांधायचा. एकेका बोंडामागे हे सगळं. पिशवीवर नाव विद्यापीठाचं असतं, पण सरकीत मोल या हातांचंही आहे. त्यांची नोंद कुठल्याच वंशावळीत नाही, याचं मला वाईट वाटतं.

२००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि बोंडअळीला भ्यालेला शेतकरी खाजगी बियाण्याकडे वळला. नांदेड ४४ च्या आनुवंशिकतेत खोट नव्हती; बोंडअळीला रोखणारं बीटीचं एक जनुक तेवढं त्याच्याकडे नव्हतं. ते देण्यासाठी पैदासकार, कीटकशास्त्रज्ञ आणि रेणुजीवशास्त्रज्ञ एकत्र बसणं भाग होतं. २००९ मध्ये सरकारी संस्थांचं बीटी नांदेड ४४ मंजूर झालं, पण बीकानेरी नरमाच्या बीटी वाणात मोन्सँटो या खाजगी कंपनीचं जनुक आढळल्याने त्या वर्षअखेरीस दोन्हींची विक्री थांबली. पुढे विद्यापीठाने महाबीज या राज्याच्या बियाणे महामंडळाशी हात मिळवला आणि बीजी-२ या पुढच्या बीटी जनुकांसह नांदेड ४४ परत आलं.

लातूरला याच विद्यापीठाचं कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालय आहे. तिथल्या मुलांना जनुकाबरोबर त्याच्या मालकीचा इतिहासही शिकवायला हवा, आणि नांदेडच्या प्लॉटवर एक दुपार कळ्या सोलायलाही पाठवायला हवं.